जुन्या पिकअपला पीटीओ बसवताना पॅकिंगची जाडी मोजा

कृष्णाकाठच्या वीटभट्ट्यांवर जुन्या पिकअपला जॅक लावून टिपिंग (हौदा उचलून माल ओतायची सोय) करून घेतात. त्या जॅकच्या पंपाला गिअरबॉक्समधून ताकद देतो तो पीटीओ (पॉवर टेक-ऑफ). गिअरबॉक्सच्या बाजूला सहा किंवा आठ बोल्टचं झाकण असेल तरच या कामाला हात घाला. ‘भोक पाडून बसवतो’ म्हणणाऱ्याकडे गाडी नेऊच नका.

ऑइल काढा, झाकण खोला, जुनं पॅकिंग (झाकणाखालची पातळ गॅस्केट) खरवडा, स्टड (दोन्हीकडे आटे असलेले बोल्ट) बसवा. स्टडचं टोक आतल्या गिअरला लागत नाही ना, ते गिअर हाताने फिरवून बघा.

आता खरं काम. पीटीओचा गिअर काउंटरशाफ्टच्या (गिअरबॉक्समधल्या दुसऱ्या दांड्याच्या) गिअरमध्ये किती खोल शिरणार, हे पॅकिंगची जाडी ठरवते. ऑइल अडवणं हे पॅकिंगचं दुसरं काम. आपल्याकडे बरेच जण सिलिकॉन फासतात, नट आवळतात आणि गाडी देऊन टाकतात. सिलिकॉनची जाडी कशाने मोजणार? शिवाय त्याचा सुटलेला तुकडा ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत जातो. तयार पॅकिंगच वापरा.

दातांमधला प्ले, म्हणजे मोकळी जागा, ०.१५ ते ०.३० मिमी हवा. पीटीओचं तपासणीचं झाकण काढा, डायल गेजचं (बारीक हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापकाचं) टोक पीटीओच्या दातावर टेकवा, गिअरबॉक्सचा गिअर धरून ठेवा आणि पीटीओचा मागेपुढे हलवा. काटा सरकेल तेवढा प्ले. नट पूर्ण आवळूनच मोजायचं, सैल नटांवरचं माप खोटं निघतं. पाव मिमीचं पॅकिंग वाढवलं की प्ले साधारण ०.१५ मिमीने वाढतो. तीनपेक्षा जास्त पॅकिंग लागू लागली तर तो पीटीओ त्या गिअरबॉक्सचा नाही, परत करा.

गेज नसेल तर कुणाचं तरी मागून आणा. बोटाने अंदाज घेऊ नका.

चालू केल्यावर बारीक शिट्टी येत असेल तर गिअर घट्ट बसलाय, एक पॅकिंग वाढवा. खडखडत असेल तर कमी करा. ‘चालवा, आपोआप बसेल’ हा सल्ला मानू नका; तसं बसतं ते दात खाऊनच.

पंपाची फिरण्याची दिशा जुळवा, ऑइल भरा.

ड्रायव्हरला मात्र नीट समजावून सांगा: गाडी उभी, क्लच पूर्ण दाबलेला, आतले गिअर थांबले की मगच पीटीओ टाकायचा. माल उतरला की लगेच काढायचा. तो तसाच ठेवून रस्त्यावर गाडी पळवली तर पंप जळतो. थोडे दिवस काम झालं की नट पुन्हा आवळा आणि ऑइलची पातळी बघा.