टेकडीवर मुलांसाठी ट्रेझर हंट ठेवताय? आधी या चुका टाळा

फेब्रुवारी आला की पुण्यात सोसायट्यांच्या ग्रुपवर सुरू होतं, "रविवारी वेताळ टेकडीवर मुलांचा ट्रेझर हंट ठेवूया का?" ठेवा ना, जरूर ठेवा, पण दर वेळी तेच तेच घोळ बघून आता लिहायलाच बसले.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कोड्याची चिठ्ठी दगडाखाली नाहीतर झाडाच्या ढोलीत लपवणं. अहो, टेकडीवरच्या दगडाखाली विंचू असतात, फुरसं नावाचा सापही असू शकतो आणि तो विषारी असतो. मागे एका हंटला मी नुसती मदतीला गेले होते, चिठ्ठ्या आयोजकांनी आधीच लावून ठेवलेल्या. एका सात-आठ वर्षांच्या मुलीने मोठ्या उत्साहात दगड उलटला तर खाली चिठ्ठी आणि चिठ्ठीला खेटून नांगी वर केलेला विंचू. आजोबा मागेच होते, त्यांनी दंडाला धरून मागे ओढलं म्हणून निभावलं. पण बाकीच्या चिठ्ठ्याही दगडांखालीच आणि पोरं टेकडीभर पांगलेली, सगळ्यांना हाका मारून गोळा करेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. वर एकजण म्हणाले, "मुलांना हातमोजे द्यायला हवे होते." हातमोजे कशाला, लपवायचंच कशाला?

मी चिठ्ठ्या मोठ्यांच्या खिशात ठेवते. ठरलेल्या प्रत्येक जागी कोणाची तरी आई, मामा, आजी उभी असते आणि कोड्याचं उत्तर म्हणजे तिथलंच झाड नाहीतर पाटी. "माझी साल कागदासारखी सुटते, माझ्या डिंकाचा धूप करतात" म्हणजे सालई. "अंगावर पान नाही, पण पिवळीधमक फुलं" म्हणजे गणेर. मुलाने झाड ओळखून दाखवलं की पुढची चिठ्ठी हातात. ओळखता नाही आलं तर आजी गोष्ट सांगून मदत करते, त्यात काही बिघडत नाही.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे शोधायच्या गोष्टींची नेटवरून उतरवलेली यादी. पाइनचं बोंड शोधा, ओकचं फळ शोधा! वेताळ टेकडीवर कुठून आणणार पोरं ओकचं फळ? आपल्याकडे गिरिपुष्पाच्या शेंगा आहेत, मुंग्यांची रांग आहे, मोराचा आवाज आहे, जूनमध्ये पहिल्या पावसानंतर मखमली लाल मृगाचा किडा दिसतो. पण हे कळायला आदल्या आठवड्यात एकदा स्वतः चालून यावं लागतं आणि तेवढाच वेळ लोकांकडे नसतो. प्रिंट मारायला दोन मिनिटं लागतात म्हणून प्रिंट मारतात, मग मुलं अर्ध्या तासात कंटाळतात आणि म्हणे आजकालच्या मुलांना निसर्गाची आवडच नाही. मार्चमध्ये चाललेली यादी ऑगस्टमध्ये चालत नाही, तेव्हा दर वेळी नवीन करा.

यादीत "तोडून आणा" असं काहीही नको, "बघा आणि सांगा" एवढंच. पावसाळ्यात कळलावीचं फूल फार सुंदर दिसतं, पण वेल मुळापासून विषारी, लांबूनच दाखवा. थंडीत वाळलेल्या खाजकुयलीच्या शेंगेला हात लागला तर अंगभर खाज सुटते, त्या बाजूची वाट सरळ टाळा.

वयाप्रमाणे टीम करू नका. मोठी मुलं धावत सुटतात, धाकटी रडतात. एक मोठं, एक लहान, एक आजी किंवा आजोबा अशी टीम केली की वेग आपोआप जमतो.

उन्हाळ्यात सकाळी सातला सुरू, नऊपर्यंत संपवा. पाणी घरूनच न्या. शिट्ट्या आणि स्पीकर नकोत, मोर लांब पळतात. बक्षीस म्हणून रॅपरवाली चॉकलेटं नकोत, मी डब्यातून चिक्की नेते. आणि खुणेसाठी रिबिनी बांधल्याच असतील तर किती बांधल्या ते लिहून ठेवा, उतरताना तेवढ्याच सोडून आणा.