डेंग्यूचा डास ओळखताना या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की सोसायटीच्या ग्रुपवर मेलेल्या डासांचे फोटो सुरू होतात आणि खाली लिहिलेलं असतं, पाय पट्टेदार आहेत, डेंग्यूचाच! अहो, पट्टेदार पाय बऱ्याच डासांचे असतात. पाय नाही, पाठ बघा. डेंग्यू पसरवणारा मुख्य डास म्हणजे एडिस इजिप्ती, त्याच्या पाठीवर दोन्ही कडांना कंसासारखे वाकलेले पांढरे पट्टे असतात आणि मधे दोन बारीक रेघा. मधोमध एकच सरळ पांढरी रेघ असेल तर तो एडिस अल्बोपिक्टस, डेंग्यू तोही पसरवतो. सेप्टिक टँकमधून येणारा मोठा काळा, वाकड्या सोंडेचा असतो तो आर्मिजेरिस, त्याने डेंग्यू होत नाही.

टाळीत चिरडलेल्या डासावरून काही सांगू नका, पाठीवरचे खवलेच निघून गेलेले असतात. मी ग्लास उपडा घालते, खालून कागद सरकवते, दहा मिनिटं फ्रीजरमध्ये, मग मोबाइलचा टॉर्च लावून झूम करून बघते. एवढा धीर नसेल तर ओळखत बसू नका, घरातलं साठलेलं पाणी शोधा.

आता ज्या चुकीवरून मी दरवर्षी भांडते ती. पिंप उपडं केलं की झालं, असं लोकांना वाटतं. आमच्या बिल्डिंगमध्ये एका घरात लागोपाठ दोघांना डेंग्यू झाला, सगळ्यांनी बाहेरच्या नाल्याला दोष दिला, धूर मारून झाला, तरी डास होतेच. त्या घरातल्या काकू म्हणाल्या, "अगं मी तर गावाला जाताना पिंप कोरडं करून गेले होते, महिन्याने येऊन भरलं." टॉर्च मारला तर पाण्यात अळ्या वळवळत होत्या आणि आतल्या भिंतीला, पाण्याच्या जरा वर, खसखशीहून बारीक काळे ठिपके. अंडी! ही अंडी भिंतीला चिकटतात, कोरड्यात कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी लागलं की फुटतात, मग उकाड्यात आठ-दहा दिवसांत डास तयार. आम्ही ते पाणी उन्हात तापलेल्या मातीवर ओतलं आणि पिंप काथ्याने खरवडून घासलं. नुसतं विसळणं म्हणजे कामचुकारपणा, मी कुणाचं ऐकून घेत नाही.

धुराने उडणारे डास मरतात, अंडी नाही.

फक्त रात्री मच्छरदाणी लावून भागत नाही, हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळ व्हायच्या आधी जास्त.

पाण्यात डोकं खाली करून तिरकी लटकणारी अळी एडिसचीही असते आणि क्युलेक्स नावाच्या दुसऱ्या डासाचीही, पृष्ठभागाला आडवी चिकटलेली मलेरियाच्या ॲनोफिलिसची. कुठलीही दिसली तरी पाणी ओता.

मी दर रविवारी कुंडीखालच्या ताटल्या, मनीप्लांटची बाटली आणि पिंप घासते, आणि फ्रिजमागचा ट्रे सगळ्यात आधी, कारण तोच विसरला जातो.