गोडो इंजिन सोर्सवरून कम्पाइल करताना: एडिटर तयार झाला, पण गेम कोणत्या इंजिनावर चालतो?

गोडो हे गेम तयार करण्याचे इंजिन सोर्स कोडवरून स्वतः कम्पाइल करायला बसण्याआधी आपल्याला त्याची खरोखर गरज आहे का, हे नीट पाहावे. स्वतः लिहिलेला सी प्लस प्लसचा कोड गेममध्ये वापरणे एवढाच हेतू असेल, तर आवृत्ती 4.0 पासून जीडीएक्स्टेन्शनची, म्हणजे आपला कोड वेगळी लायब्ररी म्हणून जोडण्याची सोय आहे आणि त्यासाठी इंजिनाला हात लावावा लागत नाही. इंजिनाचे आतले वर्तन बदलायचे असेल, सोर्समध्ये आपले मॉड्यूल, म्हणजे इंजिनासोबतच कम्पाइल होणारा आपला कोड, घालायचे असेल, नको असलेले भाग वगळून गेमचा आकार कमी करायचा असेल किंवा गेमची पीसीके फाइल, म्हणजे प्रकल्पातील सीन, स्क्रिप्ट वगैरे एकत्र बांधलेली फाइल, कूटबद्ध करायची असेल, तर मात्र कम्पाइल करण्यावाचून गत्यंतर नाही. मला मॉड्यूल घालायचे होते, त्यामुळे पुढचे विवेचन मुख्यतः त्याच अंगाने आहे.

टर्मिनल, गिट आणि पायथन यांची ओळख वाचकाला आहे असे मी धरून चालते. गोडोचे बिल्ड, म्हणजे कम्पाइल करण्याचे सगळे काम, स्कॉन्स या पायथनमध्ये लिहिलेल्या साधनावर चालते. लिनक्सवर जीसीसी किंवा क्लँग हा कम्पायलर आणि अधिकृत दस्तऐवजात दिलेल्या डेव्हलपमेंट लायब्ररी घातल्या की बहुतेक अडथळे संपतात. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओ बसवताना 'डेस्कटॉप डेव्हलपमेंट विथ सी प्लस प्लस' हा भाग स्वतःहून निवडावा लागतो, कारण तो आपोआप येत नाही. आणि व्हिज्युअल स्टुडिओ कोड हे निव्वळ लिहिण्याचे साधन आहे, त्यात कम्पायलर नसतो, हे इथे बजावून सांगते, कारण या दोन नावांच्या गोंधळात अनेक जण अकारण अडकलेले मी पाहिले आहेत. गिटवरून सोर्स घेताना मास्टर शाखा घेऊ नये. तिच्यात विकासाधीन आवृत्ती असते आणि चालू प्रकल्प त्या आवृत्तीत उघडून जतन केला, तर तो जुन्या आवृत्तीत परत नेणे जिकिरीचे होते. '4.2-स्टेबल' यासारखा स्थिर आवृत्तीचा टॅग घ्यावा.

संगणक साधा असेल तरी घाबरण्याचे कारण नाही. आवृत्ती 4 मध्ये समांतर कामांची संख्या ठरवून दिली नाही, तर प्रोसेसरच्या एकूण कोरपेक्षा सहसा एक कमी इतकी कामे आपोआप सुरू होतात. 8 जीबी रॅम असलेल्या संगणकावर त्यामुळे कधी कधी सगळेच गोठल्यासारखे होते. अशा वेळी 'जे' या पर्यायाने ही संख्या कमी करावी आणि वाट पाहावी. पहिले बिल्ड वेळ घेते. त्यानंतर स्कॉन्स बदललेल्या फाइलींपुरतेच काम करते, त्यामुळे पुढची बिल्डे बरीच लवकर उरकतात. 'प्रॉडक्शन' हा पर्याय सुरुवातीला वापरू नये, कारण त्याने लिंक करतानाची अनुकूलने चालू होऊ शकतात आणि तेवढ्या एका टप्प्याला कित्येक जीबी रॅम लागू शकते.

आता ज्या ठिकाणी मी पुरती अडकले, त्या मुद्द्याकडे येते. हे थोडे विस्ताराने सांगणार आहे आणि कुणाला पाल्हाळ वाटले तरी हरकत नाही.

स्कॉन्सला 'टार्गेट' सांगितले नाही, तर ते 'एडिटर', म्हणजे गेम रचण्याचा प्रोग्रॅम, असे गृहीत धरते. बिल्ड संपते, 'बिन' फोल्डरमध्ये एडिटरची फाइल दिसते, ती उघडल्यावर नोड (गेमचे सीन ज्या घटकांनी बनते ते) जोडण्याच्या यादीत आपल्या मॉड्यूलचा वर्ग दिसतो, एफ5 दाबल्यावर गेम चालतो आणि आपला कोडही चालतो. इथे काम फत्ते झाले असे कुणालाही वाटेल. परंतु एफ5 दाबल्यावर गेम चालवणारी बायनरी (कम्पाइल होऊन तयार झालेली, चालवता येणारी फाइल) म्हणजे तो एडिटरच असतो. तो स्वतःचीच दुसरी प्रक्रिया सुरू करून तिच्यात प्रकल्प चालवतो. एक्स्पोर्ट करताना, म्हणजे गेम खेळणाऱ्याला देण्याजोगा तयार करताना, मात्र या एडिटरचा एकही भाग गेमसोबत जात नाही. एक्स्पोर्ट टेम्प्लेट नावाची एक वेगळी, आधीच कम्पाइल केलेली, एडिटर वगळलेली बायनरी घेतली जाते आणि तिच्या जोडीला प्रकल्पाची पीसीके फाइल दिली जाते. म्हणजे खेळणाऱ्याच्या संगणकावर चालणारे इंजिन हे त्या टेम्प्लेटमधले असते. ते टेम्प्लेट अधिकृत संकेतस्थळावरून उतरवलेले असेल, तर त्याला आपल्या मॉड्यूलचा गंधही नसतो.

याची सूचना एडिटर देईल, अशी अपेक्षा ठेवणे स्वाभाविक आहे. मास्टर शाखेवरून बिल्ड केले असते, तर ती मिळालीही असती, कारण विकासाधीन आवृत्तीच्या नावाचे टेम्प्लेट आपल्याकडे सहसा नसते आणि एक्स्पोर्टच्या खिडकीत लाल अक्षरांत तसे लिहून येते. स्थिर टॅगवरून केलेल्या बिल्डमध्ये मात्र एडिटर टेम्प्लेट शोधतो ते '4.2.स्टेबल' या नावाच्या फोल्डरमध्ये, आणि अधिकृत एडिटरही त्याच फोल्डरमध्ये शोधतो. पूर्वी अधिकृत टेम्प्लेट उतरवलेली असतील, तर आपला एडिटर ती निमूटपणे उचलतो, एक्स्पोर्ट बिनतक्रार पार पडते आणि बिघाड दिसतो तो थेट गेम चालवल्यावर. ज्या स्क्रिप्टमध्ये आपल्या वर्गाचे नाव आहे ती स्क्रिप्ट वाचलीच जात नाही, आणि सीनमध्ये तो नोड असेल तर 'कॅनॉट गेट क्लास' असा संदेश येतो. हा संदेश कन्सोलवर येतो, आणि विंडोजवर गेम नेहमीसारखा दोन क्लिक करून उघडला तर कन्सोल दिसतच नाही. त्यामुळे मन आपल्याच कोडमध्ये दोष शोधत राहते. मी सीन पुन्हा रचले, वर्गाची नोंदणी करणारी फाइल पुन्हा पुन्हा वाचली, आणि त्या सगळ्यात कोठेही दोष नव्हता. दोष सापडत नाही म्हणून आपल्याला हे काम जमणारच नाही, असा जो विचार त्या वेळी येतो, त्याला अजिबात थारा देऊ नये.

उपाय सोपा आहे. त्याच सोर्सवरून, त्याच कमिटवरून, 'टार्गेट' या पर्यायाला एकदा 'टेम्प्लेट_डीबग' आणि एकदा 'टेम्प्लेट_रिलीज' देऊन आणखी दोन बिल्डे करावीत, आणि एक्स्पोर्टच्या खिडकीत 'कस्टम टेम्प्लेट' या मथळ्याखालच्या दोन्ही चौकटींत त्यांचे मार्ग भरावेत. दोन्ही भराव्यात, हे महत्त्वाचे. फक्त डीबगची चौकट भरली, तर चाचणीच्या वेळी सगळे सुरळीत चालते आणि अंतिम एक्स्पोर्ट करताना डीबगची खूण काढली की पुन्हा अधिकृत टेम्प्लेट वापरले जाते. काही जण टेम्प्लेटच्या सामाईक फोल्डरमधल्या फाइलीच बदलून टाकण्याचा सल्ला देतात. मला तो सल्ला घातक वाटतो, कारण मग त्याच आवृत्तीचा आपला प्रत्येक प्रकल्प नकळत त्या बदललेल्या इंजिनावर जातो. मॉड्यूलमधला कोड 'टूल्स_एनेबल्ड' या अटीच्या आत गेलेला नाही ना, हेही पाहावे. ती अट फक्त एडिटरच्या बिल्डमध्ये खरी असते.

गेम कोणत्या इंजिनावर चालतो आहे, हे गेमकडूनच वदवून घ्यावे. इंजिनाच्या आवृत्तीची माहिती देणारे फंक्शन गोडोच्या जीडीस्क्रिप्ट या भाषेत उपलब्ध आहे. त्यातील 'बिल्ड' हे मूल्य अधिकृत बायनरीत 'ऑफिशियल' असते, तर आपण केलेल्या बिल्डमध्ये 'कस्टम_बिल्ड'. त्यासोबत कमिटचा हॅशही मिळतो. गेम सुरू होताना या दोन गोष्टी छापाव्यात. कम्पाइल करण्याआधी 'बिल्ड_नेम' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल भरला, तर 'कस्टम_बिल्ड'च्या जागी आपण दिलेले नाव येते आणि ओळख आणखी पक्की होते.

हीच सवय 'बिन' फोल्डरबाबतही ठेवावी. 'डेव्ह_बिल्ड' हा पर्याय दिला की फाइलीच्या नावात 'डेव्ह' हा तुकडा येतो आणि जुनी फाइल शेजारी तशीच राहते. आपण कोड बदलतो, नवे बिल्ड करतो आणि डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटने जुनीच फाइल उघडत राहतो. 'डेव्ह_मोड' हा पर्याय पूर्णपणे वेगळा आहे. तो कम्पायलरच्या इशाऱ्यांनाही एरर मानायला लावतो, त्यामुळे नवख्याचे चालणारे बिल्डही त्याने अडते. इंजिनाला आपला कोड अर्पण करायचा असेल तेव्हाच तो वापरावा.

पाच मिनिटांत कम्पाइल करून दाखवणाऱ्या चित्रफितींविषयी माझे मत फारसे चांगले नाही. त्यांतील आज्ञा पुष्कळदा आवृत्ती 3 च्या असतात, जिथे लिनक्सचे नाव 'एक्स11' होते आणि एडिटर हवा की नको हे 'टूल्स' या पर्यायाने ठरत असे. आवृत्ती 4 मध्ये ते 'लिनक्सबीएसडी' झाले आणि 'टूल्स' गेले. शिवाय एडिटर उघडला की चित्रफीत संपते, आणि खरी अडचण त्यानंतरच सुरू होते. मार्गदर्शकांबद्दलही तेच म्हणावे लागते: आपला कीबोर्ड ओढून घेऊन काम करून देणाऱ्यापेक्षा 'एररची पहिली ओळ वाचून दाखव' असे म्हणणारा ज्येष्ठ मित्र कितीतरी बरा. अनेक कामे समांतर चालू असताना खरी एरर वर राहून जाते आणि शेवटच्या ओळीत नुसते 'बिल्ड थांबले' एवढेच उरते, म्हणून वर जाऊन वाचावे.

पीसीके कूटबद्ध करण्यासाठी कम्पाइल करणाऱ्यांना एक सूचना. 64 षोडशमान अंकांची किल्ली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये घालून त्याच टर्मिनलमधून टेम्प्लेट कम्पाइल करावी लागतात. दुसऱ्या टर्मिनलमध्ये बिल्ड केले तर ती किल्ली टेम्प्लेटमध्ये जात नाही आणि गेमला स्वतःचीच पीसीके उघडता येत नाही. किल्ली बायनरीच्या आत राहते, त्यामुळे चिकाटीने शोधणाऱ्याला ती काढता येते, हे लक्षात घेऊन तिच्यावर किती विसंबायचे ते ठरवावे. गिटच्या भांडारात ती कधीही टाकू नये, मात्र तिची एक प्रत वेगळी जपून ठेवावी, कारण ती हरवली तर नव्या किल्लीने प्रत्येक प्लॅटफॉर्मची दोन्ही टेम्प्लेट पुन्हा कम्पाइल करावी लागतात.