शिक्षकाविना लॅटिन गद्य कसं वाचावं

नामांचे पाच आणि क्रियापदांचे चार गण तोंडपाठ झाले, तरी सीझर उघडला की पहिल्याच पानावर गाडी अडते. बरीच इंग्रजी पाठ्यपुस्तकं सांगतात: आधी क्रियापद शोधा, मग कर्ता, मग कर्म. मराठी वाचकाने हा सल्ला खुशाल सोडून द्यावा. क्रियापदासाठी वाक्याच्या शेवटापर्यंत थांबायची सवय आपल्याला आहेच. शाळेत संस्कृत झालं असेल तर विभक्तीवरून नातं ओळखायचीही. शब्द येतात त्याच क्रमाने वाचावं.

सुरुवात सीझरच्या गॉल (आजच्या फ्रान्सचा परिसर) युद्धाच्या वृत्तांतापासून करा. त्याचा शब्दसंग्रह आटोपशीर आहे. दिवसाला दहा-बारा ओळी पुरे. दीर्घ स्वरांवर आडव्या रेघा छापलेली आवृत्ती घ्या; रेघ नसेल तर 'वेनित्' म्हणजे 'येतो' की 'आला' हे नुसत्या रूपावरून कळत नाही.

पहिल्या फेरीत शब्दकोश बंद. परिच्छेद दोनदा मोठ्याने वाचा आणि पेन्सिलीने गौण वाक्यांना कंस घाला. कुम्, उत्, क्वोद्, क्वी हे शब्द दिसले की बहुधा कंस उघडतो, त्या वाक्याच्या क्रियापदाशी मिटतो. मात्र 'कुम्'पुढे पंचमीतलं नाम असेल तर तो नुसता 'सह'.

आता पहिल्या पुस्तकाच्या सातव्या प्रकरणाची सुरुवात बघा: 'काएसरी कुम् इद् नून्तिआतुम् एस्सेत्, एओस् पेर् प्रोविन्कियम् नोस्त्रम् इतेर् फकेरे कोनारी, मातूरत् अब् उर्बे प्रोफिकीस्की'. पहिलाच शब्द चतुर्थीत, म्हणजे सीझरला काहीतरी होणार. 'कुम्' आलं, कंस उघडला. 'इद्', हे, काय ते पुढे येईल. 'नून्तिआतुम् एस्सेत्', कळवलं गेलं होतं. मग 'एओस्' द्वितीयेत आणि 'कोनारी' हे अनंत रूप (इन्फिनिटिव्ह, 'करू पाहणं' असं): कळवलेली बातमी ती हीच. लॅटिनमध्ये 'असं'साठी वेगळा शब्द न घालता द्वितीयेतला कर्ता आणि अनंत रूप यांवर भागवतात. नवशिके इथे 'एओस्'ला कर्म समजतात आणि वाक्य कोसळतं. अर्थ असा: ते (इथे हेल्वेटी नावाचे लोक) आपल्या प्रांतातून वाट काढू पाहताहेत अशी बातमी सीझरला मिळते, तेव्हा तो शहरातून निघण्याची घाई करतो. शहर म्हणजे रोम. वेगळं सांगायची गरज रोमन लेखकाला वाटत नाही.

दुसरी अडचण पंचमीची. लॅटिनमध्ये ती संस्कृतच्या तृतीया, पंचमी आणि सप्तमी अशा तिघींचं काम करते. 'हीस् रेबुस् कोग्नितीस्' ही रचना सीझरमध्ये पुनःपुन्हा भेटते. ती थेट आपली सति सप्तमी: 'या गोष्टी कळल्यावर'. 'या गोष्टींनी' असं केलंत तर पुढचं काहीच जुळणार नाही.

शब्दकोश दुसऱ्या फेरीत. लुईस आणि शॉर्ट यांचा 1879 चा कोश पर्सियस या संकेतस्थळावर मोफत आहे. 'तुलित्' तिथे 'फेरो'खाली सापडेल, म्हणून अनियमित क्रियापदांची चारही मूळ रूपं पाठ हवीत. अर्थ ओळींच्या मध्ये लिहू नका, डोळा मग मराठीच वाचतो. पानाच्या समासात लिहा आणि दुसऱ्या दिवशी समास झाकून तेच पान वाचा.

अर्थ लागला की प्रश्न विचारायला लागा. इसवी सनपूर्व 58 मध्ये हेल्वेटी लोक स्थलांतराला निघालेत. बातमी कोणी दिली? कर्मणी प्रयोगाने ते झाकलं आहे. प्रांत 'आपला' कोणाचा? सीझर स्वतःला तृतीयपुरुषात ठेवतो, पण 'नोस्त्रम्' म्हणत रोमन वाचकाला अलगद आपल्या बाजूला घेतो. युद्धाचं समर्थन इथेच सुरू झालं. असं वाचायला भाषांतर चालत नाही. ते हाताशी ठेवा, पण स्वतःचं वाक्य लिहून झाल्यावरच उघडा.

सीझरनंतर वक्ता सिसेरोचं कॅटिलाइनविरुद्धचं पहिलं भाषण घ्या, मग इतिहासकार लिव्ही. इतिहासकार टॅसिटस सर्वांत शेवटी: तो 'आहे'चं क्रियापद वारंवार गाळतो आणि वाक्याचे दोन भाग मुद्दाम वेगळ्या घडणीचे करतो, त्यामुळे कंसांची युक्ती त्याच्यापुढे वारंवार फसते.