घाटरस्ता सुधारताना या चुका टाळा

गायमुख, माळशेज, कसारा. ठाणे जिल्ह्यातले हे तिन्ही घाट वेगवेगळे, पण पावसाळ्यातल्या तक्रारी त्याच: खड्डे, खचलेली कड, दरड आणि चढावर बंद पडलेल्या एका ट्रेलरमागची रांग. मूळ बहुतेक वेळा पाण्यात असते. डोंगरावरचे पाणी कुठून उतरते आणि कोणत्या मोरीतून बाहेर पडते, हे भर पावसात घाट पायी चालून टिपल्याशिवाय रुंदीकरणाचे अंदाजपत्रक करूच नये.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दरीच्या उतारावर नुसती माती लोटून रस्ता रुंद करणे. जुना उतार आणि नवा भराव यांचा सांधा जुळत नाही. पहिल्याच पावसाळ्यात कडेला समांतर लांब भेग पडते. ती डांबराने बुजवली तरी खालचा भराव सरकतच राहतो. जुन्या उतारात आधी पायऱ्या कापा. मग भराव थराथराने टाका. दाबलेला थर 200 मिमीपेक्षा जाड नको. भरावात प्रयोगशाळेतल्या कमाल कोरड्या घनतेच्या किमान 95 टक्के आणि डांबरी थरांखालच्या सबग्रेडमध्ये, म्हणजे भरावाच्या सगळ्यात वरच्या दाबलेल्या मातीत, 97 टक्के घनता मिळाल्याचे तपासूनच पुढचा थर घ्या. संरक्षक भिंतीत साधारण दर मीटरला पाणी निघायची छिद्रे आणि भिंतीमागे 600 मिमी जाडीचा खडीचा गाळणथर हवा. बांधकामात ही छिद्रे सिमेंटने बुजतात, म्हणून पावसाआधी प्रत्येकात सळई घालून पाहा. मुसळधार पावसातही भिंत कोरडी ठणठणीत असेल तर समाधान मानू नका, पाणी मागे कोंडलेले असू शकते.

डोंगराच्या बाजूला पायथा उभा कापण्याचा मोह आवरा. सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये दोन कठीण थरांच्या मधे कुठेकुठे मऊ लाल थर असतो. तो झिजला की वरचा कातळ अधांतरी राहतो. सुटे दगड न काढता जाळी मारली तर ते जाळीतच साचून तिला फाडतात. आधी वरून खाली सुटे दगड पाडा, माथ्यावर पक्का अस्तर केलेला चर काढा आणि मगच जाळी व रॉक बोल्ट (कातळात खोल बसवायच्या पोलादी सळया) घ्या. अस्तर नसलेला चर पाणी थेट डोंगरात मुरवतो.

सरळ भाग रुंद केला आणि वळण तेवढेच ठेवले, तर कोंडी फक्त वळणावर सरकते. दुपदरी महामार्गाच्या हेअरपिन, म्हणजे जवळजवळ उलट फिरणाऱ्या वळणाला आतली त्रिज्या किमान 14 मीटर, वळणाच्या टोकाशी रुंदी 11.5 मीटर आणि चढ 1:40 पेक्षा जास्त नको. वळणाची आतली कड लांबीने कमी, त्यामुळे तिथला चढ मध्यरेषेपेक्षा तीव्र होतो आणि भरलेला ट्रेलर नेमका तिथेच अडकतो. लांब गाडीची मागची चाके आतल्या बाजूला येतात. म्हणून 40 मीटरपर्यंतच्या त्रिज्येला दीड मीटर जादा रुंदी द्या, तीही आतल्या बाजूने; तिथल्या गटारावर ट्रकचा भार पेलणारी झाकणे बसवा.

डांबरीकरण रात्री उरकताना माल थंड होतो. व्हीजी-40 या घट्ट प्रतीच्या डांबराचे मिश्रण पसरताना किमान 150 अंश सेल्सिअस असावे आणि ते 100 अंशांखाली जाण्यापूर्वी रोलिंग संपावे. तापमान प्लांटवर मोजून भागत नाही, माल पसरणाऱ्या पेव्हर यंत्राच्या मागे मोजा. जुन्या डांबरावर टॅक कोट, म्हणजे नवा थर चिकटवणारा पातळ डांबराचा फवारा, चौरस मीटरला 0.2 ते 0.3 किलो पुरतो. तो जास्त झाला किंवा ओल्या धुळीवर मारला, तर गाड्या जिथे ब्रेक मारतात तिथे थर सरकून अर्धचंद्राकृती भेगा दिसतात. बाहेरची कड उंच असलेल्या वळणावर रोलर खालच्या कडेपासून वर न्या.

आता क्रॅश बॅरियर, म्हणजे दरीच्या कडेचा खांब आणि लोखंडी पट्ट्यांचा कठडा. पट्टीचा वरचा काठ रस्त्यापासून 700 मिमीवर हवा. जुने डांबर न खरवडता 50 मिमीचे दोन थर चढवले की तो 600 वर येतो आणि उंच ट्रक त्यावरून उलटू शकतो. पट्ट्यांचा जोड वाहतुकीच्या दिशेने, म्हणजे पुढच्या पट्टीचे टोक मागच्या पट्टीच्या आड जाईल असा ठेवा. उलटा जोड धडकेत उघडून गाडीत घुसतो. खांब कठीण जमिनीत पुरेसे खोल गाडलेले असावेत. दरीच्या अगदी काठावरच्या सैल मातीत उभे केलेले खांब धडकेला मातीसकट निखळतात.