सुट्टीत पोरांचं स्पॅनिश गंजू नये म्हणून घरी काय करायचं

शाळेला सुट्टी लागली की पोरं स्पॅनिशचं पुस्तक जे बंद करतात ते शाळा उघडेपर्यंत. मग ऐकलेलं कळतं, शब्द पाहिला की ओळखू येतो, पण बोलायची वेळ आली की तोंडच उघडत नाही. म्हणून माझं म्हणणं एकच, रोज दहा मिनिटं पण तोंडाने बोलायचं, आणि तेही रोज घडणाऱ्या कुठल्यातरी कामाला जोडून, नाहीतर चार दिवसांत राहून जातं.

आमच्याकडे सकाळी मोजे शोधायची वेळ ठरलेली आहे. मुलगा ओरडतो, "दोन्दे एस्ता मिस काल्सेतिनेस?" म्हणजे माझे मोजे कुठेय. मोजे दोन, म्हणजे 'एस्तान' हवं. पण मी चूक काढत बसत नाही, मोजे हातात धरून नुसतं म्हणते "आकी एस्तान!", हे इथे आहेत. आठवडाभरात तो आपला आपण 'एस्तान' म्हणायला लागला. दर वाक्याला टोकलं की मूल गप्प बसतं, म्हणून बरोबर वाक्य आपल्या उत्तरात घालून द्यायचं.

आता मराठीचा फायदा सांगते, हा फार लोक वापरतच नाहीत. इंग्रजीतून शिकणाऱ्या पोरांना 'मे गुस्ता' डोक्यात बसत नाही, पण आपल्याकडे ती रचना आधीच आहे. मला पुस्तक आवडतं, मे गुस्ता एल लिब्रो. मला पुस्तकं आवडतात, मे गुस्तान लोस लिब्रोस. आवडतं-आवडतात तसंच गुस्ता-गुस्तान, संपलं! वारांचंही तेच, सोमवार चंद्राचा तसा लुनेस चंद्राचा, मंगळ मार्तेस, बुध मिएर्कोलेस, गुरू खुएवेस, शुक्र विएर्नेस, सगळे त्याच ग्रहांवरून, फक्त शनिवार-रविवार वेगळे पाठ करायचे (साबादो, दोमिंगो). उच्चारातही इंग्रजीचे ट-ड विसरायचे आणि सरळ आपले त-द म्हणायचे.

तुम्हाला स्वतःला स्पॅनिश येत नसेल तरी अडत नाही. एच उच्चारायचा नाही (hola, म्हणजे हॅलो, वाचायचं 'ओला'!), J घशातून ख सारखा, असे थोडे नियम एका संध्याकाळी शिकलात की पोरांची गोष्टीची पुस्तकं मोठ्याने वाचता येतात, कारण जवळजवळ सगळं लिहिलंय तसंच वाचायचं असतं. अर्थ मुलाला विचारायचा. "कोमो से दीसे?" (कसं म्हणतात?) हे एक वाक्य पाठ करा आणि दिसेल त्या वस्तूवर विचारा, शिकवायला मिळालं की पोरांना भारी वाटतं.

सगळ्यात आधी उडतो तो भूतकाळ, निदान आमच्याकडे तरी. त्यासाठी झोपताना "के इसिस्ते ओय?", आज काय केलंस, आणि त्याने तीन गोष्टी सांगायच्या, कोमी (खाल्लं), खुगे (खेळलो), लेई (वाचलं), असं. पहिले काही दिवस रोज तेच तीन शब्द येतील, येऊ देत, मग "कोन किएन?" म्हणजे कोणाबरोबर, एवढंच विचारायचं की वाक्य आपोआप लांबतं.

कार्टून बघायचंच असेल तर ऑडिओ आणि सबटायटल दोन्ही स्पॅनिशमध्ये ठेवा, आणि रोज नवा एपिसोड नको, एकच तीन-चारदा, तिसऱ्यांदा पोरं पुढचा डायलॉग आधीच म्हणतात. त्यात एखादा थँक यूला ग्रासियास म्हणेल, एखादा ग्राथियास, लॅटिन अमेरिकेत 'स' आणि स्पेनच्या बऱ्याच भागात 'थ', दोन्ही बरोबर, मुलाला शाळेत जे शिकवलंय ते बदलायला लावू नका.

लिहायचं फार नको. फोनमध्ये स्पॅनिश कीबोर्ड टाकून द्या म्हणजे प्रश्नाच्या सुरुवातीचं उलटं प्रश्नचिन्ह (¿) पण मिळतं, आणि घरातल्या घरात दिवसाला एक मेसेज स्पॅनिशमध्ये पाठवायला सांगा. उत्तर मात्र त्याच दिवशी द्या, उत्तर आलं नाही की दुसऱ्या दिवशीचा मेसेज येत नाही.