कुत्र्या-मांजराला घेऊन गाडीने निघण्यापूर्वी

निघायच्या आदल्या संध्याकाळी हार्नेस (छातीभोवती घालायचा पट्ट्यांचा साज) आणायचा आणि पहाटे घाईघाईत कुत्र्याच्या अंगात चढवायचा, असं करू नका. तयारी किमान पंधरा दिवस आधी सुरू करा. पहिलं काम हे धरा: गाडीत आपला प्राणी नेमका कुठे बसणार आणि कशाने बांधलेला असणार, ते ठरवा. पाणी, खाणं, कागद, औषधं हे सगळं त्यानंतर.

मी हे इतक्या आग्रहाने सांगते, कारण माझी चिंगी बरीच वर्षं मागच्या सीटवर मोकळीच बसायची. शांत कुत्री, जागेवरून हलायचीही नाही. एकदा समोर अचानक सायकल आली, मी करकचून ब्रेक दाबला, आणि चिंगी दोन सीटांच्या मधून पुढे येऊन गिअरवर आदळली. गाडीचा वेग ताशी चाळीससुद्धा नव्हता. पुढचा पाय ती महिनाभर लंगडत टाकत होती. त्याहून मला सलतं ते हे, की ती ओरडली तेव्हा माझी नजर रस्त्यावरून तिच्याकडे गेली आणि सायकलवाला माझ्या समोरच होता.

थोडं गणित मांडते. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी धडकून अर्ध्या मीटरभरात थांबली, तर आत जे काही बांधलेलं आहे त्याला जागेवर रोखायला त्याच्या वजनाच्या साधारण वीसपट जोर लागतो. वीस किलोच्या कुत्र्यासाठी हा जोर चारशे किलोच्या वजनाएवढा झाला. म्हणून ‘मी मागे बसून त्याला घट्ट धरते ना’ या म्हणण्याला अर्थ उरत नाही. कुणाच्याही हातात तेवढी ताकद नसते. शिवाय वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते.

कायदे देशागणिक वेगळे असले तरी त्यांचा रोख एकाच ठिकाणी आहे: चालकाच्या कामात अडथळा नको आणि प्राण्याला त्रास नको. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२५ नुसार चालकाच्या नियंत्रणात अडचण येईल अशा रीतीने कुणाला बसू देता येत नाही की काही ठेवता येत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातलं कलम ११ प्राण्याला विनाकारण वेदना होतील अशा पद्धतीने वाहून नेणं गुन्हा ठरवतं. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’ या वाहतूक-नियमांच्या पुस्तिकेतला नियम ५७ तर थेट सांगतो, की प्राणी हार्नेस, पेटी, पिंजरा किंवा जाळीने नीट अडवलेला असावा. जर्मनीत वाहतूक नियमांच्या दृष्टीने प्राणी हे गाडीतलं सामान. ऐकायला रुक्ष वाटतं, पण त्यामुळेच तो सामानासारखा पक्का बांधण्याची जबाबदारी चालकावर येते. इटलीत एकाहून अधिक पाळीव प्राणी न्यायचे असतील तर ते पिंजऱ्यात किंवा जाळीने वेगळ्या केलेल्या मागच्या भागात हवेत. अमेरिकेत राज्याराज्यांत फरक आहे. हवाईमध्ये प्राण्याला मांडीवर घेऊन गाडी चालवणं बेकायदा आहे, आणि कॅलिफोर्नियात पिकअपच्या उघड्या हौद्यात कुत्रा नेताना त्याला दोन्ही बाजूंनी बांधावं तरी लागतं, नाहीतर पिंजऱ्यात ठेवावं लागतं. तुम्ही ज्या ज्या राज्यातून किंवा देशातून जाणार आहात तिथला नियम निघण्याआधी वाचून घ्या. आपल्या घरचा नियम सीमेपलीकडे चालत नाही. गाडीच्या विम्याचे कागदही याच बैठकीत वाचा. प्राणी मोकळा असताना अपघात झाला तर काय, हे त्यात आहे का ते पाहा.

आता साधन. मध्यम आकाराच्या कुत्र्याला मागच्या सीटवर छातीचा हार्नेस आणि तो सीटबेल्टला अडकवायचा आखूड पट्टा. छातीवरची पट्टी रुंद आणि मऊ हवी, म्हणजे झटका एका रेषेत न बसता पसरतो. गळपट्ट्याला सीटबेल्ट कधीही अडकवू नका. धक्क्याचा सगळा भार मानेवर आणि श्वासनलिकेवर येतो. लांब, ताणला जाणारा पट्टाही टाळा. पट्टा जितका लांब तितका कुत्रा पुढे फेकला जातो. बसता, वळता आणि आडवं होता येईल एवढीच ढील द्या. आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. फिरायला नेण्याचा हार्नेस आणि गाडीतला हार्नेस दिसायला सारखे असले तरी काम वेगळं आहे. पाकिटावर ‘सुरक्षित’ छापलेलं असणं म्हणजे त्याची धडक-चाचणी झाली असं नव्हे. ‘सेंटर फॉर पेट सेफ्टी’ ही अमेरिकी संस्था अशा चाचण्या करते. २०१३ मध्ये तिने बाजारातले हार्नेस तपासले तेव्हा बहुतेकांनी निराशा केली होती. त्यामुळे विकत घेताना थेट विचारा, धडक-चाचणी झाली का आणि किती वजनाच्या कुत्र्यासाठी.

मोठ्या कुत्र्याला, गाडीत जागा असेल तर, मागच्या भागात भक्कम पिंजरा उत्तम. पण पिंजरा गाडीच्या कड्यांना पट्ट्यांनी आवळलेला हवा, नाहीतर कुत्र्यासकट पिंजराच सरकतो. मांजराला बंद पेटी, दुसरा पर्याय माझ्या मते नाही. हार्नेस घातलेलं मांजर त्यातून कसं निसटतं, हे ज्यांच्याकडे मांजर आहे त्यांना सांगायला नको. पेटी पुढच्या सीटच्या मागे, खाली जमिनीवर घट्ट बसवा. तिथे तिला सरकायला जागा नसते. वरून पातळ कापड टाकलं की बहुतेक मांजरं लवकर शांत होतात, फक्त हवेची बाजू मोकळी ठेवा. ससा आणि पक्ष्यांनाही हेच लागू. पिंजऱ्यातला झोका आणि टांगलेल्या वस्तू मात्र काढून टाका.

पुढची सीट कुणालाच नको. एअरबॅग पापणी लवायच्या आत उघडते आणि तिचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास जाऊ शकतो. ती सीटबेल्ट बांधलेल्या मोठ्या माणसासाठी बनवलेली आहे. मांडीवरचं कुत्र्याचं पिल्लू त्या वेळी चालक आणि एअरबॅग यांच्या मधोमध असतं.

साधन आलं की ते लगेच गाडीत नेऊ नका. पिंजरा किंवा पेटी घरात, रोजच्या वावराच्या खोलीत उघडी ठेवा. आत त्याचं अंथरूण आणि तुमच्या वासाचा जुना कपडा ठेवा, जेवण तिथेच द्या. मांजराची पेटी माळ्यावरून फक्त डॉक्टरांकडे जाताना खाली येत असेल, तर ते तिला पाहूनच पलंगाखाली शिरणार. चार-पाच दिवसांनी इंजिन बंद असलेल्या गाडीत नुसतं बसवा, मग इंजिन सुरू करून दोन मिनिटं, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग अर्धा तास. प्रत्येक फेरीच्या शेवटी काहीतरी आवडीचं मिळू द्या. चिंगीला हार्नेसची सवय व्हायला बारा दिवस लागले. आता तो हातात घेतला की ती दाराशी जाऊन उभी राहते.

याच दिवसांत पशुवैद्याकडे एक फेरी मारा. लाळ गळणं, सतत जांभया, ओठ चाटणं, मग उलटी, ही गाडी लागल्याची लक्षणं. पिल्लांना हा त्रास जास्त होतो आणि पुष्कळदा वाढत्या वयाबरोबर कमी होतो. कुत्र्यांसाठी यावर चांगलं औषध आहे, पण ते डॉक्टरांनी वजन पाहून द्यायचं. घरातली माणसांची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. शांत राहण्यासाठी काही दिलंच, तर त्याचा पहिला डोस घरी देऊन पाहा, प्रवासाच्या दिवशी नको.

कागदांची पिशवी वेगळी करा: लसीकरणाचं कार्ड, चालू औषधांची चिठ्ठी, प्राण्याचा अलीकडचा फोटो. गळ्यातल्या बिल्ल्यावर मोबाइल नंबर वाचता येतो का ते बघा. बिल्ले घासून पुसट होतात. मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळख-क्रमांकाची चिप) असेल तर नोंदीतला नंबर आजचा आहे याची खात्री करा, कारण पंधरा आकडी चिप सापडली तरी त्यामागचा फोन बंद असेल तर ती निरुपयोगी. देशाची सीमा ओलांडायची असेल तर पंधरा दिवस पुरणार नाहीत. युरोपीय संघात कुत्रा किंवा मांजर नेताना आधी चिप, मग रेबीजची लस, वय किमान १२ आठवडे, आणि पहिल्या लशीनंतर २१ दिवस थांबणं लागतं. रेबीजच्या दृष्टीने धोक्याच्या मानलेल्या देशातून येत असाल तर रक्ताची चाचणीही लागते. ती लशीनंतर किमान ३० दिवसांनी करायची आणि रक्त घेतल्यापासून पुढे ३ महिने थांबायचं. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून आत येणारा कुत्रा किमान ६ महिन्यांचा आणि चिप बसवलेला असावा असा नियम केला. रस्त्याने सीमा ओलांडतानाही तो लागू आहे.

आता गाडी रिकामी करा. दारातल्या कप्प्यातलं बिनसाखरेचं च्युइंगम काढा. त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असेल तर कुत्र्याच्या रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली येते. चॉकलेट काढा. डिकीत कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) डबा असेल तर तो गाडीबाहेर ठेवा. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल हे रसायन चवीला गोड असतं आणि थोडंसं चाटलं तरी मूत्रपिंडं निकामी होतात. मागच्या दारांचं चाइल्ड लॉक आणि काचांच्या बटणांचं लॉक लावा. कुत्र्याचा पंजा बटणावर पडून काच वर जाते आणि मान अडकते. पिण्याच्या पाण्याची बाटली, न सांडणारं भांडं, जुने टॉवेल, घाण उचलायच्या पिशव्या आणि एक जास्तीचा पट्टा हाताशी ठेवा, सामानाच्या तळाशी नको.

निघायच्या दिवशी हलकं खाणं तीन-चार तास आधी द्या. पाणी अडवू नका. कुत्र्याला चांगलं फिरवून आणा. दमलेला कुत्रा झोपतो. खिडकीतून डोकं बाहेर काढायला आवडतं, हे खरं, आणि ते बघायला मलाही आवडायचं. पण धूळ, किडे, उडालेले खडे थेट डोळ्यांत जातात. काच दोन बोटं खाली, बस्स.

दर दोन तासांनी थांबा. दार उघडण्याआधी पट्टा हातात आहे का ते बघा, मगच हार्नेस सोडा. क्रम उलटा झाला की नवख्या जागी, मोठ्या रस्त्याच्या कडेला प्राणी पळतो आणि हाकेला येत नाही. मांजराची पेटी वाटेत उघडूच नका. अगदीच लागलं तर सगळ्या काचा आणि दारं बंद करून.

आणि थांबल्यावर त्याला गाडीत एकटं सोडू नका. पाच मिनिटंही नाही, सावलीतही नाही. २००५ मध्ये ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या मोजणीत, बाहेर २२ ते ३५ अंश सेल्सिअस असताना बंद गाडीचं आतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी उघडी ठेवून जवळपास काहीच फरक पडला नाही. म्हणजे बाहेर सुखद हवा असली तरी आत भट्टी होते. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. धापा टाकून तो अंग थंड करतो, आणि भोवतालची हवाच तापली की तेही जमत नाही. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जाती तर आधीच श्वासाला कमी पडतात. कॅलिफोर्नियात २०१७ पासून, ठरलेल्या पायऱ्या पाळून, अशा गाडीची काच फोडून प्राण्याला वाचवण्याची मुभा सामान्य माणसालाही आहे. टेस्लासारख्या गाड्यांत २०१९ पासून आतली हवा थंड ठेवणारा ‘डॉग मोड’ आला, पण यंत्र बंद पडलं तर आतल्या जिवाला दार उघडता येत नाही. म्हणून दोघांनी प्रवास करा आणि आळीपाळीने उतरा. एकटे असाल तर प्राण्याला नेता येईल अशाच जागी थांबा.

जोरात न थांबणारी धाप, गडद लाल हिरड्या, झोकांडी, उलटी, ही उष्माघाताची चिन्हं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं, ४१ च्या वर गेलं की अवयवांना इजा होऊ लागते. त्याला सावलीत घ्या, अंगभर गार पाणी ओता, वारा घाला. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, खाली उष्णता कोंडते. आधी थंड करायला लागा, मग गाडीचा एसी चालू ठेवून डॉक्टरांकडे न्या. वाटेतल्या दोन-तीन पशुदवाखान्यांचे नंबर म्हणूनच घरून लिहून निघायचं.

एक चिठ्ठी पिंजऱ्याला किंवा हार्नेसच्या पिशवीला चिकटवा: प्राण्याचं नाव, औषधं, चावतो का, आणि गाडीत नसलेल्या एका नातेवाइकाचा नंबर. अपघातात तुम्ही बोलण्याच्या स्थितीत नसाल तर मदतीला आलेल्या माणसाला घाबरलेल्या कुत्र्याजवळ कसं जायचं ते कळेल.

पोहोचलात की सामानाच्या आधी त्याला आत न्या. मांजर असेल तर एक लहान खोली निवडा, खिडक्या बंद करा, वाळूचं भांडं आणि पाणी ठेवा, मग पेटीचं दार उघडून बाजूला बसा. ते आपणहून बाहेर येईल. तास लागला तरी ओढून काढू नका.